वैज्ञानिक संस्थेचे सभासद झालात, आता पुढे काय?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाईडनी सांगितलं म्हणून मी आमच्या विषयाच्या संस्थेचा फॉर्म भरला. वर्गणी गेली, स्वागताचा ईमेल आला आणि पुढची दोन वर्षं त्या सभासदत्वाचं मी काहीही केलं नाही. तिसऱ्या वर्षी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण परिषदेला जाऊन आली, तीही संस्थेच्या पैशांनी. मी विचारलं, "तुला कसे मिळाले?" ती म्हणाली, "मागितले."

मला वाटलं, उडवून लावतेय. पुढे त्याच प्रवास अनुदानाच्या समितीवर मी काही वर्षं काम केलं, तेव्हा कळलं की तिने अगदी खरं तेच सांगितलं होतं. पात्र असलेले कितीतरी विद्यार्थी अर्जच करत नाहीत. जे करतात त्यातले बरेचसे शेवटच्या रात्री करतात, आणि तो अर्ज शेवटच्या रात्रीचा आहे हे वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं. पुढचं सगळं नव्या सभासदांसाठी, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी.

आधी हे समजून घ्या: संस्था चालवतं कोण

सोसायटी म्हटलं की डोळ्यांसमोर आधी इमारत येते, म्हणून इथे संस्थाच म्हणतो. १६६० साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचं मुख्य काम होतं एकत्र जमणं, प्रयोग बघणं आणि दूरदूरच्या अभ्यासकांची पत्रं वाचणं. १६६५ मध्ये तिचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केलं, तेही पदरमोड करून.

ती पदरमोड आजही चालू आहे, फक्त आता पैशांऐवजी वेळेची. मोठ्या संस्थांकडे पगारी कर्मचारी असतात, पण कोणाचा अर्ज मंजूर करायचा, कोणाचं पोस्टर (परिषदेत संशोधन मांडणारा मोठा छापील तक्ता) पहिलं, कोणता लेख छापायचा हे ठरवणारे जवळजवळ सगळे तुमच्यासारखेच सभासद असतात. आपापल्या नोकऱ्या सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर ते हे काम करतात. संस्थेशी व्यवहार करताना एवढं एक डोक्यात ठेवलं तरी अर्धी कामं सोपी होतात. समोर काउंटर नाही, एक दमलेला माणूस आहे. त्याचं काम सोपं करा.

पैसा येतो जर्नलच्या विक्रीतून, परिषदेच्या शुल्कातून, वर्गणीतून आणि देणग्यांतून. कधी एखादी देणगी संस्थेचं रूपच पालटून टाकते. भूवैज्ञानिक रिचर्ड पेनरोझ १९३१ मध्ये वारले आणि त्यांनी जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या नावे मोठी संपत्ती ठेवली. सिग्मा झाय ही संस्था १९२२ पासून विद्यार्थ्यांना संशोधनासाठी छोटी अनुदानं देते. छोटी म्हणजे एखादं रसायन, एखादा क्षेत्रदौरा, एखाद्या उपकरणाचे काही तास. तेवढ्यावाचूनच अनेकांचं काम अडलेलं असतं.

पायरी १: संस्था निवडा

सोपी युक्ती सांगतो. तुम्ही गेल्या वर्षभरात वाचलेले दहा चांगले लेख काढा आणि ते कोणत्या संस्थेच्या जर्नलमध्ये आले ते बघा. जे नाव दोन-तीनदा येईल ती तुमची संस्था. एक मोठी आणि एक तुमच्या नेमक्या उपविषयाची छोटी, अशा दोन पुरेत. छोटीला कमी लेखू नका. तिच्या परिषदेत दोनशे माणसं असतात आणि ज्यांचे लेख तुम्ही वाचता ती चहाच्या रांगेत तुमच्या पुढे उभी असतात.

विद्यार्थ्यांची वर्गणी बहुतेक ठिकाणी पूर्ण वर्गणीच्या मानाने अगदी कमी असते, आणि कमी उत्पन्नाच्या देशांतल्या सभासदांसाठी अनेक संस्था वेगळी सवलत देतात. ती सवलत फॉर्मच्या तिसऱ्या पानावर कुठेतरी लपलेली असते. दिसली नाही तर विचारा.

भामट्या संस्थाही आहेत. 'आपली मानद सभासद म्हणून निवड झाली आहे, कृपया शुल्क भरा' असा ईमेल आला की सावध व्हा. खऱ्या संस्थेची घटना असते, निवडून आलेली कार्यकारिणी असते, वर्षाचा जमाखर्च सभासदांपुढे ठेवलेला असतो. या तिन्हींपैकी काहीच सापडत नसेल आणि तिचं जर्नल आठवड्याभरात लेख स्वीकारत असेल, तर गाईडना किंवा ग्रंथपालांना विचारल्याशिवाय एक पैसाही भरू नका.

पायरी २: पहिल्याच आठवड्यात

ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक, नसेल तर काढा. सोळा अंकी असतो, फुकट मिळतो, आणि नावात गोंधळ असलेल्यांना वरदान आहे. संस्थेच्या तुमच्या पानावर तो जोडा. संस्थेचे विभाग असतील तर आपला विभाग निवडा, कारण कित्येक अनुदानं विभागामार्फतच दिली जातात. मग वर्षभरातल्या अर्जांच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका. शेवटच्या तारखेची आठवण ठेवायची ती सहा आठवडे आधीची.

झालं. पुढची पायरी महत्त्वाची.

पायरी ३: प्रवास अनुदानाचा अर्ज

समितीत आमच्याकडे एका बैठकीला साठ-सत्तर अर्ज येत. प्रत्येकाच्या वाट्याला वीस-पंचवीस. एका अर्जाला पहिल्या फेरीत मिळत असत सात-आठ मिनिटं. 'या परिषदेला का जायचं आहे' या प्रश्नाखाली निम्म्या अर्जांत साधारण हे असे:

'ही परिषद माझ्या क्षेत्रातील अत्यंत प्रतिष्ठित परिषद असून तेथे सहभागी होण्याची संधी मिळाल्यास माझ्या ज्ञानात मोलाची भर पडेल व जगभरातील तज्ज्ञांशी संवाद साधता येईल.'

यात खोटं काही नाही. पण हे वाक्य कोणत्याही विद्यार्थ्याच्या, कोणत्याही विषयाच्या अर्जात चपखल बसतं, म्हणून ते कोणाचंच नाही. आता हे बघा:

'नदीच्या गाळातून प्लास्टिकचे कण वेगळे करताना २० मायक्रॉनपेक्षा लहान कण माझ्या हातून निसटतात. या परिषदेत गाळण्याच्या पद्धतींवर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा आहे आणि ज्या दोन गटांनी हा प्रश्न सोडवला ते दोन्ही तिथे बोलणार आहेत. परतल्यावर उरलेले ४० नमुने मी त्या पद्धतीने तपासणार आहे.'

दुसऱ्या अर्जात एकही भारी शब्द नाही. पण वाचणाऱ्याला माणूस दिसतो, त्याची अडचण दिसते, आणि पैसे दिले तर नेमकं काय होणार तेही दिसतं. समितीत त्या अर्जाची बाजू मांडायची तर मला बोलायला काहीतरी मिळतं. पहिल्यासाठी मी काय बोलू?

खर्चाचा तक्ता खरा द्या. विमानाचं किंवा रेल्वेचं भाडं बघून लिहा, गोल आकडे ठोकू नका. दुसरीकडून पैसे मिळणार असतील तर तेही लिहा. त्याने अर्ज कमजोर होत नाही. उलट उरलेला खड्डा किती आहे ते कळतं आणि तो भरावासा वाटतो.

शिफारसपत्र हा सगळ्यात जास्त अर्ज बुडवणारा प्रकार. गाईडना तीन आठवडे आधी सांगा. सांगताना सोबत पाच-सहा ओळी द्या: परिषद कोणती, पोस्टर कशावर, पत्र कुठे आणि कधीपर्यंत पाठवायचं, त्यात कोणत्या कामाचा उल्लेख व्हावा. अनेक संस्थांत पत्राची लिंक थेट गाईडच्या ईमेलवर जाते आणि स्पॅममध्ये जाऊन पडते. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी 'सर, लिंक आली का?' असं विचारायला लाजू नका. पत्र न आल्यामुळे उत्तम अर्ज बाद करताना समितीलाही वाईट वाटतं, पण नियम तो नियम.

अनुदान मिळालं तरी एक मेख असते. बऱ्याच संस्था पैसे नंतर देतात: आधी खर्च तुम्ही करायचा, मग बिलं लावायची, मग परतावा. माझ्या पहिल्या दौऱ्यात मी परतीचा बोर्डिंग पास खुणेसाठी पुस्तकात घातला आणि ते पुस्तक विमानातच विसरलो. परताव्यासाठी पाच महिने पत्रापत्री झाली. तेव्हापासून प्रत्येक कागदाचा हातात आल्याबरोबर फोटो काढतो. आधी खर्च करणं शक्यच नसेल तर मंजुरीचं पत्र आल्यावर स्पष्ट लिहा की आगाऊ रक्कम मिळेल का, किंवा तिकीट आणि नोंदणी संस्थेने परस्पर केली तर चालेल का. अनेकदा चालतं. फक्त कोणी आपणहून सांगत नाही.

अनुदान नाही मिळालं तर? परिषदेत स्वयंसेवक विद्यार्थी लागतात: सभागृहाचा माइक सांभाळणं, वेळ दाखवणं, नोंदणीच्या टेबलावर बसणं. त्या बदल्यात नोंदणी शुल्क माफ होतं. लहान मूल असलेल्यांसाठी काही संस्था पाळणाघराचा खर्चही देतात. आणि पुढच्या वर्षी परत अर्ज करा. नकाराचं कारण विचारणारा ईमेल दोन ओळींचा असेल तर त्याला बहुधा उत्तर मिळतं.

पायरी ४: पोस्टर आणि परिषदेतले दिवस

पोस्टरचा आकार आधी तपासा. ए-झिरो म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर हे खरं, पण उभा की आडवा? उभ्या फळ्यावर आडवं पोस्टर लावून दोन्ही बाजूंनी कान बाहेर काढलेले विद्यार्थी दर परिषदेत एक-दोन तरी दिसतात.

मथळ्यात विषय देऊ नका, निष्कर्ष द्या. 'गाळातील सूक्ष्म प्लास्टिकचा अभ्यास' वाचून कोणी थांबत नाही. 'पुरानंतर गाळातले प्लास्टिक कमी नाही, जास्त होते' वाचून थांबतो. पोस्टरसमोर उभे राहून ते झाकू नका, बाजूला उभे राहा. दोन मिनिटांत सांगता येईल असं तोंडी घोटून ठेवा, पण पाठ म्हणून दाखवू नका. 'तुम्ही कशावर काम करता?' असं आधी त्यांना विचारलंत तर ती दोन मिनिटं कुठे खर्चायची ते कळतं. बक्षिसासाठी परीक्षक येणार असतील तर त्यांची वेळ ठरलेली असते. त्या वेळी चहाला जाऊ नका. हसू नका, घडतं.

आणि कोणीच थांबलं नाही तर? १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरचे लेख वाचले गेले. दोघांपैकी एकही लेखक हजर नव्हता. पुढच्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष थॉमस बेल यांनी वार्षिक आढावा घेताना म्हटलं की सरत्या वर्षात क्रांती घडवील असा काही शोध लागलेला नाही. तेव्हा तुमच्या पोस्टरसमोर तासभर शुकशुकाट असेल तर मनाला फार लावून घेऊ नका.

पायरी ५: जर्नलशी ओळख

सभासद म्हणून जर्नल वाचायला मिळतं, हा फायदा सगळ्यांना माहीत असतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे संस्थेच्या जर्नलचा संपादक तुमच्याच विषयातला संशोधक असतो आणि अनेकदा नवख्यासाठी थोडी जास्त झीज सोसतो.

याचं माझं आवडतं उदाहरण इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं. ही संस्था १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी सुरू केली; ते महसूल खात्यात नोकरीला होते. पदवी नसलेला, परीक्षांत नापास झालेला एक तरुण आपल्या वह्या घेऊन त्यांना भेटला. त्या वह्या पाहून त्यांनी त्याला ओळखीच्या गणितज्ञांकडे पाठवलं. त्यातूनच तो संस्थेचे सचिव रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचला आणि त्यांनी काही काळ त्याचा खर्च स्वतः उचलला. १९११ मध्ये त्याचा पहिला लेख, बर्नूली संख्यांवरचा, संस्थेच्या जर्नलमध्ये आला. त्याची मांडणी इतकी त्रोटक होती की संपादक नारायण अय्यंगार यांना हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवून सुधारून घ्यावं लागलं. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना त्याचं पत्र गेलं ते त्यानंतर, १९१३ मध्ये.

रामानुजन सगळे नसतात, पण हस्तलिखित परत पाठवणारे संपादक आजही आहेत. 'मोठ्या दुरुस्त्या सुचवल्या आहेत' असं पत्र आलं की विद्यार्थी खचतात. खचण्याचं कारण नाही. तो नकार नव्हे. कोणीतरी तुमचं लिखाण शेवटपर्यंत वाचलं आहे. प्रत्येक आक्षेपाखाली काय बदललं आणि कुठल्या ओळीत, ते लिहून परत पाठवा. एखादा आक्षेप पटला नाही तर तेही कारणासकट लिहा.

दुसरी बाजूही शिकून घ्या. गाईडकडे जर्नलकडून दुसऱ्या कोणाचा लेख समीक्षेसाठी आला की 'मी पण तुमच्याबरोबर वाचू का?' असं विचारा, आणि त्यांना संपादकांची परवानगी घ्यायला सांगा. पाच लेखांची समीक्षा केलीत की स्वतःच्या लेखातली भगदाडं दिसू लागतात. हे शिक्षण कुठल्याही वर्गात मिळत नाही.

पायरी ६: मार्गदर्शक मागा

अनेक संस्था विद्यार्थ्याची गाठ अनुभवी सभासदाशी घालून देतात. नाव नोंदवा, पण 'करिअरबद्दल मार्गदर्शन हवे' असं लिहू नका. 'अध्यापन सोडून उद्योगात जावं का, हे ठरवायला सहा महिने आहेत' असं लिहा. पहिल्या भेटीला तीन प्रश्न न्या, अर्ध्या तासात उठा, आठवड्याभरात कळवा की सांगितलेल्यापैकी काय केलंत. शेवटची गोष्ट इतके कमी लोक करतात की जो करतो तो लक्षात राहतो.

पायरी ७: मत द्या, बोला

संस्था सभासदांच्या वतीने बोलते हेही तिचं काम. २०१२ साली अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या वार्षिक परिषदेत काही संपादक आणि प्रकाशक जमले. त्यातून निघालेलं, संशोधकाची पारख जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला त्या आकड्यावरून) करू नका असं सांगणारं जाहीरनाम्याचं पत्रक 'डोरा' म्हणून ओळखलं जातं. तुमच्या पुढच्या मुलाखतीशी त्याचा थेट संबंध आहे.

पण संस्था आपोआप न्याय्य होत नाहीत. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॅरोलाइन हर्शेल यांना १८२८ मध्ये सुवर्णपदक दिलं, मात्र स्त्रियांना फेलो, म्हणजे पूर्ण सभासद, करून घ्यायला १९१६ साल उजाडलं. रॉयल सोसायटीत तर पहिल्या दोन स्त्रिया, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन, १९४५ मध्ये निवडून आल्या. नियम बदलतात ते आतल्या कोणीतरी प्रश्न विचारल्यावर. म्हणून निवडणुकीची मतपत्रिका आली की भरा. विद्यार्थ्यांना मताधिकार आहे की नाही ते घटनेत बघा. कार्यकारिणीवर विद्यार्थी प्रतिनिधीची जागा रिकामी पडलेली असते, अर्ज करा. परिषदेत कोणी गैर वागलं तर आचारसंहिता असते आणि तक्रार कोणाकडे करायची तेही लिहिलेलं असतं. ते नाव जाण्याआधीच बघून ठेवा. वेळ आल्यावर शोधत बसायची मनःस्थिती नसते.

तुमच्या विभागात विद्यार्थी शाखा नसेल तर काढा. किती सह्या लागतात, प्राध्यापक सल्लागार कोण चालतो हे संस्था कळवते. शाखेला थोडा निधी आणि पाहुणे वक्ते मिळतात. एक इशारा: पदं वाटून घेण्यात पहिले सहा महिने घालवू नका. आधी एक व्याख्यान ठेवा.

पायरी ८: विद्यार्थी सभासदत्व संपताना

सभासदत्वाच्या पायऱ्या असतात. उदाहरणार्थ, आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेत विद्यार्थी, सभासद, वरिष्ठ सभासद आणि फेलो अशी चढण आहे. वरिष्ठ सभासद होण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. फेलो होण्यासाठी दुसऱ्याने नाव सुचवावं लागतं. पुरस्कारांचंही बहुधा तसंच असतं. कोणीतरी नाव सुचवावं लागतं, आणि 'माझं नाव सुचवाल का?' असं विचारणं अजिबात गैर नाही. माहिती तयार करून हातात द्या, म्हणजे समोरच्याला फक्त सही करायची राहील.

पीएचडी संपल्यावर पूर्ण वर्गणी एकदम अंगावर येते. नोकरी नसेल तर ती जड जाते. त्या एक-दोन वर्षांसाठी बऱ्याच संस्थांत मधला दर असतो, तो मागा.

आणि एक काम आजच करा. संस्थेकडे नोंदवलेला तुमचा ईमेल विद्यापीठाचा असेल, तर तो बदलून स्वतःचा द्या. विद्यापीठाचा पत्ता पदवी मिळाल्यावर काही महिन्यांत बंद होतो. समितीवर असताना एका मुलीच्या प्रबंधाला आम्ही पारितोषिक जाहीर केलं आणि कळवणारी तिन्ही पत्रं परत आली. शेवटी तिच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या एकाकडून फोन नंबर मिळाला, समारंभाला नऊ दिवस उरले असताना.